ड्रमच्या तळाचं तेल

आमशाची चाल बदलली होती, हे दामिनीला अंगणात पाऊल टाकताच दिसलं. तो गोठ्याकडून बादली घेऊन येत होता. प्रत्येक पावलाला गुडघा कमरेइतका वर उचलत होता आणि पाऊल जमिनीवर सपकन आपटत होता, जणू गुडघाभर पाण्यातून चालला आहे. दामिनीची पुतणी रिना ओसरीवर बसून हसत होती. नऊ वर्षांची पोर, तिला ती गंमत वाटत होती.

"आमशा, पायले काय व्हयनं?" दामिनीने विचारलं.

"काय माहीत, ताई. पंजा वर उचलतच नही. आधी पोटऱ्या दुखन्यात, मंग हाई असं. सरकारी दवाखानामा गऊ तं गोया दिध्यात."

दामिनी शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. दर रविवारी स्कूटरवर वीस किलोमीटर तापीकाठच्या माहेरी यायची. आमशा तिच्या भावाच्या, धीरजच्या, लाकडी घाण्यावर कामाला होता. सातपुड्यातून आलेला, चाळिशी ओलांडलेला, दोन पोती शेंगा एकट्याने उचलणारा माणूस. तो आता एक बादली घेऊन धापा टाकत होता.

घरात आई, जसोदाबाई, पुऱ्या तळत होती. तिने सांगितलं, एकटा आमशाच नाही. त्याच्या बायकोच्या, प्रमिलाबाईच्या पायालाही मुंग्या येतात. पलीकडच्या गल्लीतल्या दोघांचं तसंच झालं. गावात एकच शब्द फिरत होता, जीबीएस. मागे पुण्याकडे पाण्यातून पसरला तोच नसांचा आजार. आरोग्य खात्याची माणसं येऊन पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली होती.

जेवणं झाली. दुपारी दामिनीचे वडील, बन्सीलाल आप्पा, केळीच्या वावरातून परत आले. खाटेवर टेकले, पायाकडे बघितलं आणि गोंधळले.

"मन्ही चप्पल कोठे गई?"

उजव्या पायात चप्पल नव्हती. रिना पळत गेली आणि पार वळणावरून घेऊन आली. आप्पा अर्धा फर्लांग अनवाणी चालून आले होते, खडीवरून, आणि त्यांना कळलं नव्हतं. तळव्यातून रक्त येत होतं.

दामिनीने त्यांचा पाय मांडीवर घेतला. "आप्पा, बोटं वर करा."

आप्पांनी प्रयत्न केला. चेहऱ्यावरची शीर ताणली गेली, पण बोटं जागची हलली नाहीत.

ती रात्रीपर्यंत थांबली नाही, पण निघेपर्यंत विचार करत राहिली. पाण्यातला आजार म्हणावा, तर आमशाच्या वस्तीवर हातपंप, त्या गल्लीत नळ, आणि आपल्या घरी फिल्टरचं पाणी. पाणी वेगवेगळं आणि दुखणं एकच. मग सगळ्यांच्या पोटात सारखं काय जातं?

धीरजला तिने घाण्याच्या तेलाबद्दल विचारलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "ताई, हाई तेल मी सोता काढस. शेंगा मन्ह्या वावरन्या शेतस. त्यामा काय व्हई?"

"काही नसेलच. पण मला बघू दे."

तो तिला घाण्याच्या खोलीत घेऊन गेला. कोपऱ्यात लाकडी चौकटीवर दोनशे लिटरचा हिरवा ड्रम आडवा ठेवला होता. वरच्या अंगाला झाकण होतं, खालच्या बाजूला पितळी नळ. धीरजने वरचं झाकण उघडलं, धुतलेला डाव आत घातला आणि सोनेरी, खमंग वासाचं तेल काढून तिच्या स्वच्छ बाटलीत ओतलं. दामिनीने स्वतःच्या हाताने झाकण लावलं.

सोमवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी कॉलेजात पोचली. वर्षभरापूर्वी अनुदानातून अवरक्त किरणांचं यंत्र आलं होतं. टेबलावर मावेल एवढं, मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा हिरा. त्या हिऱ्यावर एक थेंब ठेवायचा. खालून किरण जातात, थेंबातल्या रेणूंमधला प्रत्येक बंध आपल्या ठरलेल्या जागचे किरण गिळतो, आणि पडद्यावरच्या रेषेत तिथे खळगा पडतो. कोणता पदार्थ आहे ते खळग्यांच्या जागांवरून, म्हणजे रेषेखालच्या आकड्यांवरून, ओळखायचं. विद्यार्थ्यांना ती सांगायची, माणूस नाव बदलेल, बाटलीवरची चिठ्ठी बदलेल, पण खळगे जागा सोडत नाहीत.

तिने हिरा अ‍ॅसिटोनने पुसला, रिकाम्या हिऱ्याची नोंद घेतली आणि थेंब ठेवला. रेषा उमटली. एकोणतीसशेच्या आसपासचे जोडखळगे, सतराशे पंचेचाळीसवरचा खोल खळगा, अकराशे साठचा रुंद. दुकानातून आणलेल्या शेंगदाणा तेलाची रेषा तिने त्यावर टाकली. एकीवर एक तंतोतंत बसली.

मग तिने धीरजला फोन लावला.

"तेल साफ आहे."

"सांगं व्हतं ना तुले," तो म्हणाला. पाठोपाठ आईने फोन घेतला. "तू देखी लिधं ना? मंग मन्हा जीव भांडामा पडना." संध्याकाळपर्यंत धीरजने गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता. ताईने कॉलेजच्या मशीनवर तपासलं, आपल्या घाण्याचं तेल शुद्ध. त्याखाली हात जोडल्याची चित्रं एकापाठोपाठ एक.

गुरुवारी पहिल्या तासाच्या आधी भावजयीचा, दिपालीचा फोन आला. ती हळू बोलत होती, बाजूला कुणी ऐकू नये म्हणून.

"ताई, कालदिनपाईन मन्ह्या पोटऱ्या दुखी ऱ्हायन्यात. आनि रिना म्हनस, तळपायले मुंग्या येतस."

दामिनीने काहीतरी धीर दिला. काय बोलली ते तिला स्वतःलाही नंतर आठवेना. वर्गात विद्यार्थी वाट बघत होते. आज विभाजक नरसाळ्याचा प्रयोग होता, नळ असलेल्या काचेच्या नरसाळ्यात दोन द्रव वेगळे करायचे. तिने पाणी आणि क्लोरोफॉर्म एकत्र हलवलं, नरसाळं स्टँडला लावलं. द्रवांचे दोन थर झाले.

"खालचा थर कोणता?"

"क्लोरोफॉर्म, मॅडम. तो जड असतो."

"बरोबर. म्हणून नळ उघडला की आधी काय बाहेर येतं?"

"जड ते."

दामिनीने नळ उघडला. थेंब थेंब जड द्रव खालच्या चंबूत पडू लागला. ती बघत राहिली. चंबू भरत आला तरी तिने नळ बंद केला नाही.

आपण नमुना वरून घेतला होता.

धीरज दर आठवड्याला ताजं तेल वरच्या झाकणातून ओततो. वर नेहमी ताजं तेलच असणार. आणि गाव काय खातं? नळाचं. आईच्या डब्यातलं नळाचं, आमशाला दर शनिवारी मिळतं तेही नळाचं. तळाशी तेलापेक्षा जड असं काही असेल, आणि कुणी ढवळलं नसेल, तर ते थोडं थोडं वर मिसळत राहील आणि सगळ्यात जास्त नळातूनच येईल.

"मॅडम, सांडतंय," कुणीतरी म्हणालं.

तिने हातातलं काम पुढच्या बाकावरच्या मुलीकडे दिलं आणि व्हरांड्यात आली. धीरजला दोनदा फोन लावला. तो फोन उचलेना. मग आईला लावला.

"माय, तेल कोणी वापरू नका. आज काय केलं?"

"आज तं सयपाकच नही. शाळामा जेवन शे ना, स्नेहसंमेलननं. धीरज सकायलेच दोन डबा तेल दी उना. पुरीभाजी शे, पोरेसले."

दोनशे मुलं. मुंग्या आलेल्या पायांनी रिनाही त्याच रांगेत बसणार.

शाळेचे मुख्याध्यापक नवल सर. त्यांनी तिला चौथीत शिकवलं होतं. त्यांनी फोन उचलला तेव्हा मागे लाउडस्पीकरवर गाणं चालू होतं.

"सर, पुऱ्या तळायला सुरुवात झाली?"

"कढई तापत आली आहे. का गं?"

"ते तेल वापरू नका. एकही पुरी मुलांना देऊ नका."

"दामिनी, तूच तर सोमवारी शुद्ध सांगितलंस. मेसेज आहे माझ्याकडे. त्या मेसेजवरच मी तेल घेतलं."

"मी चुकले, सर. मी नमुना चुकीच्या जागेवरून घेतला."

"म्हणजे तेलात काही सापडलं?"

"अजून नाही. अजून तपासलंच नाही."

"मग मी पालकांना काय सांगू? समोर दीडशे माणसं बसली आहेत."

"सांगा, दामिनी चुकली. माझं नाव घ्या. माझी शंका खोटी ठरली तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन. पण सर, आप्पांच्या पायातून चप्पल पडली तरी त्यांना कळलं नाही. ते त्या मुलांचं होऊ देऊ नका."

गाणं एकदम बंद झालं, आणि तिला त्यांचा आवाज लांबून ऐकू आला, फोनमध्ये नव्हे, अंगणात: "अरे, चूल विझवा! आधी चूल विझवा!"

ती स्कूटर काढून निघाली. रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या रांगा होत्या. प्रत्येक ट्रॅक्टरमागे अडकली की तिला वाटायचं, सरांचं कुणी ऐकलं नसेल. शाळेत पोचली तेव्हा मुलं पानांवर केळी खात होती. आप्पांनी वावरातून घड पाठवले होते, आणि डाळभात बिनफोडणीचा. आचारी चिडून बसला होता. एक बाप मोठ्याने विचारत होता, ही मास्तरीण सोमवारी एक सांगते, गुरुवारी एक. दामिनीने मान खाली घातली, डबा उघडला, तेल बाटलीत घेतलं. मग घाण्यावर जाऊन नळाखाली दुसरी बाटली धरली. धीरज दारात उभा होता. त्याने मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

दुपारी अडीच वाजता ती पुन्हा यंत्रासमोर होती. हिरा तीनदा पुसला. रिकाम्या हिऱ्याची रेषा सपाट आहे ना, हे दोनदा बघितलं. अ‍ॅसिटोनचा अंश राहिला तर तोही खळगा पाडतो, आणि आज चुकायला जागाच नव्हती.

नळाच्या तेलाचा थेंब ठेवला.

रेषा डावीकडून उजवीकडे सरकत गेली. जोडखळगे आले. सतराशे पंचेचाळीस आला. सगळं तेलासारखं. मग पंधराशे नव्वदजवळ, जिथे शेंगदाणा तेलाची रेषा स्वच्छ असते, तिथे एक बारीक खळगा पडला. चौदाशे नव्वदजवळ दुसरा, टोकदार. आणि नऊशे साठजवळ तिसरा, चांगला खोल.

दामिनीने थेंब पुसला, नवा ठेवला. खळगे तिथेच. शाळेच्या डब्यातला ठेवला. तिथेच. सोमवारची वरच्या तेलाची बाटली तशीच होती, तिचा ठेवला, तर तिथे काही नाही.

पहिले दोन खळगे बेंझीनच्या कड्याचे. खाण्याच्या तेलात असं कडं नसतं. तिसरा, ऑक्सिजनने फॉस्फरसला बांधलेल्या कड्याचा. तिने नळाच्या तेलातून साध्या तेलाची रेषा वजा केली आणि उरलेली रेषा संग्रहातल्या हजारो रेषांशी ताडून बघायला लावली. पडद्यावर नाव आलं, अ‍ॅरिल फॉस्फेट. कारखान्यातल्या यंत्रांत, जिथे आगीची भीती असते तिथे, वापरतात तो द्रव. नेमका कोणता प्रकार हे या यंत्राला सांगता येणार नव्हतं, त्याला मोठी प्रयोगशाळा हवी. पण त्यातल्या एका प्रकाराबद्दल तिने शिकताना वाचलं होतं. खाल्ल्यावर एक-दोन दिवस पोट बिघडतं, मग सगळं ठीक वाटतं. दहा दिवस, वीस दिवस. आणि मग पायांच्या नसा मरायला लागतात, सगळ्यात लांबच्या आधी.

उतारा नाही.

ती खुर्चीवर बसली होती. रविवारच्या पुऱ्या तिला आठवल्या. चार खाल्ल्या होत्या, आईने आग्रहाने पाचवी वाढली होती. तिने चप्पल काढली आणि फरशीवर टेकलेल्या पायाची बोटं वर उचलली. उचलली गेली. पुन्हा उचलली. पण आज फक्त गुरुवार होता.

मग तिने जिल्हा रुग्णालयात फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा नाव विचारलं, लिहून घेतलं आणि म्हणाले, "हे जीबीएस वाटत नव्हतंच मला. तुम्ही बाटल्या सीलबंद करून आणा. गावातलं तेल आत्ताच्या आत्ता बंद."

धीरज संध्याकाळी कॉलेजच्या फाटकाशी आला. आत येईना. दामिनी बाहेर गेली तेव्हा तो स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभा होता.

"ड्रम कोठून लिधा?" तिने त्याच्याच बोलीत विचारलं.

"गुजरातना भंगारवालाकडथून. त्यानी सांगं, खावाना तेलना शे म्हनी. मजार, तळले, बोटभर काय तं व्हतं. वास नही, रंग नही. माले वाटनं, तेलच शे."

"धुतला नाहीस?"

"पानी ऱ्हायी गयं तं तेल खराब व्हस म्हनी... नही धोया." तो एकदम खाली बसला. "ताई, रिनाले काय व्हई? सांग ना. तुले माहीत शे. रिनाले काय व्हई?"

दामिनीला माहीत नव्हतं. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी तिला आठवत होतं की सोमवार ते गुरुवार गावाने जे तेल खाल्लं ते तिच्या शब्दावर खाल्लं. रिनाच्या पायाला मुंग्या बुधवारी आल्या. त्या आधीच्या तेलाच्या होत्या, हे तिच्या डोक्याला कळत होतं. पण पुढे जे होईल त्यात ते तीन दिवस असणारच होते.

"पोलिसांकडे आपणच जाऊ," ती म्हणाली. "मी पण येते. माझंही सांगायचं आहे."

दुसऱ्या दिवशी ड्रमला सील लागलं. नवल सर, आरोग्य केंद्राच्या आशाताई आणि दामिनी घरोघर फिरून तेल गोळा करत होते. लोक डबे देत होते, काही शिव्या देत होते. एका घरी म्हातारीने दामिनीचा हात धरून आपली बोटं दाखवली आणि विचारलं, पोरी, मी पण का? दामिनी प्रत्येकाला सांगत होती, खाऊ नका, दिव्यातही घालू नका. आमशाच्या वस्तीवर पोचली तेव्हा दुपार झाली होती.

आमशा दारात खाटेवर आडवा होता. आता त्याला उभं राहता येत नव्हतं. प्रमिलाबाई पायथ्याशी बसली होती, हाताशी वाटी. दामिनीने सगळं सांगितलं, आमशाने ऐकलं.

"तेल शे का घरमा?" तिने विचारलं.

"खावानं नही शे, ताई. सरसनी काल सांगं तवयपाईन खावानं बंद." प्रमिलाबाईने वाटी पुढे केली. "हाई तं याना पायले चोयस. पंधरा दिवसपाईन, दोन्ही टाईम. दवाखानावाला म्हने, मालीश करा."

वाटीत सोनेरी तेल होतं. आमशाच्या दोन्ही पोटऱ्या मांडीपर्यंत तेलाने चमकत होत्या. पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, कातडीतून आत.

दामिनीने वाटी काढून घेतली, बाटलीत रिकामी केली, बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग हंड्यातलं पाणी आणि साबण घेऊन ती खाटेशी बसली आणि आमशाचे पाय धुवायला लागली. पुन्हा पुन्हा साबण लावला. तो संकोचाने म्हणत होता, "ताई, तुम्ही नका, ताई." तिने ऐकलं नाही. त्याचे झाल्यावर प्रमिलाबाईचे हात पुढे ओढले, तळहात, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या.

"मन्हा हात बी दुखस," प्रमिलाबाई म्हणाली. "आंगठा. पोळी लाटताना."

"कधीपासून?"

"परोनदिनपाईन."

दामिनी तिचा अंगठा धरून बसून राहिली.

मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल बारा दिवसांनी आला. तिने लिहून दिलं होतं तेच त्यात होतं, आता नेमक्या नावासकट. गावातल्या त्रेसष्ट जणांना तपासलं, सतरा जणांच्या पायात अशक्तपणा निघाला. रिनाच्या मुंग्या महिन्याभरात गेल्या, दिपालीच्या पोटऱ्या होळीपर्यंत दुखत राहिल्या. आप्पा काठी घेऊन वावरात जातात, दोन्ही चपलांना मागून पट्टा शिवून घेतला आहे. धीरजने घाणा बंद केला. त्याच्यावरचा आणि भंगारवाल्यावरचा खटला अजून उभा राहायचा आहे. शाळेतल्या एकाही मुलाने ती पुरी खाल्ली नाही, हे नवल सर भेटेल त्याला सांगतात. दामिनीला ते ऐकवत नाही.

आमशाला नंदुरबारहून पायाचे पट्टे मिळाले. ते बांधून तो अंगणात दहा-बारा पावलं टाकतो. डॉक्टर म्हणतात, वर्ष लागेल, कदाचित दोन, आणि सगळंच परत येईल असं नाही. प्रमिलाबाईचा डावा अंगठा अजून पातेलं पकडत नाही.

दामिनीने अठ्ठावीस दिवस रोज सकाळी पलंगावरच पायाची बोटं वर करून बघितली. एकोणतिसाव्या दिवशीही बघितली. आता फेब्रुवारी संपला, मार्च संपला, तिच्या पायाला काही झालेलं नाही. तरी कधी वर्गात उभी असताना पायाला नुसती मुंगी आली तरी ती बोलता बोलता थांबते, खडू हातात धरून, आणि मुलं तिच्याकडे बघत राहतात.